तरसवाडी लाल झाली त्याची गोष्ट

"या जिल्ह्यातल्या कोरडवाहू शेतीचा प्रश्न सुटलेला आहे," डॉ. हुद्दार म्हणाले. "फक्त तो सुटल्याचं आजवर कुणाला दिसत नव्हतं. आजपासून दिसेल."

त्यांनी केतकीला खूण केली. तिने प्रोजेक्टर सुरू केला, समोरच्या भिंतीवर आमचा जिल्हा उमटला आणि सभागृहात समाधानाची कुजबुज पसरली, कारण जिल्हा बहुतेक सगळा हिरवा होता. सात संस्थांच्या सात प्रतिनिधींनी एकमेकांकडे बघून माना डोलावल्या. एकाने टाळी वाजवायला सुरुवातही केली. मग केतकी भिंतीजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "सर, ही भिंतच पोपटी आहे. पडदा लावायला हवा."

पडदा लावल्यावर जिल्हा बराचसा लाल झाला. टाळीवाल्याने हात खिशात घातले.

मी त्या कक्षात यशोगाथा लेखक होतो. हे पद खरोखरच होतं, नेमणुकीच्या पत्रावर तसं छापलेलं होतं. मी कृषी पदवीधर. एका वर्तमानपत्राच्या शेती पुरवणीत काही वर्षं काढली, पुरवणी बंद पडली, आणि डॉ. हुद्दारांनी मला उचललं. ते निवृत्तीला आलेले, सभ्य, आवाज कधी न चढवणारे गृहस्थ होते. आमच्या जिल्ह्यात हवामान अनुकूल शेतीचे सात प्रकल्प सात संस्था राबवत होत्या, आणि त्यांच्यात समन्वय नव्हता. डांबरी रस्त्याला लागून असलेल्या एका शेततळ्यावर चार संस्थांच्या पाट्या होत्या. तळ्यात पाणी नसे, पण पाट्यांच्या सावलीला शेळ्या बसत. आत आडबाजूच्या गावांत मात्र कुणीच जात नसे. म्हणून समन्वय कक्ष निघाला, हुद्दार त्याचे प्रमुख झाले, आणि पुण्याहून केतकी साने ही सत्तावीस वर्षांची मुलगी नकाशा करायला आली.

नकाशा साधा होता. उपग्रह एप्रिलमध्ये कुठल्या शिवारात किती हिरवं दिसतं ते मोजायचा. एप्रिलमध्ये आमच्याकडे हिरवं दिसतं म्हणजे तिथे पाणी टिकलंय, म्हणजे प्रकल्प फळाला आला, असा तर्क. तर्कात मला आजही खोट दिसत नाही. हिरव्या गावाचं काम झालं म्हणून ते सोडायचं, लाल गावाला आधी मदत द्यायची. सातही संस्थांनी मिळून एक पोकलेन मशीन घेतलं होतं. नाले खोल करायचे, तलावांचे भराव दुरुस्त करायचे, असल्या कामांचं. पावसाळ्याआधी ते कुठल्या गावात जाणार, हे आता नकाशा ठरवणार होता.

"आणि सगळ्यांत गडद हिरवं गाव हे," हुद्दारांनी पडद्यावर बोट ठेवलं. "तरसवाडी. कुणाचं काम आहे हे?"

मग एक प्रतिनिधी म्हणाले, "तिथे आम्ही ठिबकाचं प्रशिक्षण घेतलं होतं." दुसऱ्यांना आठवलं, की त्यांनी बाजरीचं बियाणं वाटलं होतं. तिसऱ्यांनी तरसवाडीच्या शाळेत पाऊसपाण्यावर चित्रकला स्पर्धा घेतली होती. सातव्याची पाळी येईपर्यंत तरसवाडीवर सात संस्थांचा हक्क लागला होता.

"मोकाशी," हुद्दार मला म्हणाले, "मला या गावाची यशोगाथा हवी."

"मीपण जाते," केतकी म्हणाली. "एकदा जमिनीवर पडताळून बघायला हवं."

"उपग्रह वरून सगळं बघतो, केतकी. तू खालून जाऊन वेगळं काय बघणार? पण जा. फोटो चांगले काढ."

तरसवाडीचा रस्ता शेवटच्या टप्प्यात रस्ता नव्हता. गावात शिरलो आणि मी चालकाला दोनदा विचारलं, की हेच ना. दोन-दोन तीन-तीन मजली घरं, दर्शनी भिंतीला चकचकीत फरशी, गच्चीला स्टीलचे कठडे. एकाचं नाव 'सेलम निवास', पलीकडे 'मातृछाया, रायपूर'. बहुतेक दारांना कुलपं. त्या भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. घर गावी बांधतात, राहतात भट्टीजवळ, आणि जत्रेला येऊन फरशी पुसून जातात.

ग्रामपंचायतीच्या ओट्यावर सरपंच उभ्या होत्या. मंगल गलांडे, पंचेचाळिशीच्या, पदर खोचलेला, पायांत टायरच्या चपला. शेजारी त्यांचा मुलगा विलास, पंचवीस-सव्वीसचा, इस्त्रीची पँट आणि तसल्याच टायरच्या चपला.

"या," मंगलताई म्हणाल्या आणि आमच्या गाडीमागे रस्त्याकडे बघू लागल्या. "मशीन मागनं येतंय का?"

"कुठलं मशीन?"

"पोकलेन की. तुमच्यातलंच एक सायब सांगून गेलं, उन्हाळ्यात तलावाचं काम धरतोय म्हनून. म्हनून तर ह्याला बोलवून घेतला."

"मंगलताई, आम्ही यशोगाथा लिहायला आलोय."

"कुनाची?"

"तुमची."

त्यांनी मुलाकडे बघितलं. विलास म्हणाला, "आये, आपन कशात तरी पास झालोय. च्या ठेव."

चहा झाला. मी त्यांना अभिनंदन कळवलं. त्यांनी ते, कुणाच्या तरी दुखवट्याला बसल्यासारखं, खाली मान घालून ऐकून घेतलं. मग केतकी म्हणाली, "आम्हाला शेतं दाखवता?"

"दाखवू की. चपला ह्या न्हाई चालायच्या तुमच्या, ताई. काटं हाईत."

गाव मागे पडलं आणि झाडी सुरू झाली. डोक्याच्या वर गेलेली, दोन्ही बाजूंनी वाटेवर आलेली, डोळ्यांना गार वाटणारी हिरवीगार झाडी. एप्रिलच्या त्या उन्हात तसला हिरवा रंग मी दुसरीकडे बघितलेला नव्हता. केतकी हातातल्या टॅबवर बघत चालत होती. आमचा निळा ठिपका सगळ्यांत गडद हिरव्याच्या मधोमध जाऊन थांबला.

"शेतं कुठे आहेत?" तिने विचारलं.

"ही शेतंच हाईत," मंगलताई म्हणाल्या.

"नाही, म्हणजे हे काय आहे?"

"वेडी बाभूळ."

केतकीने टॅब खाली घेतला. विलासने वाटेतली एक फांदी बाजूला धरली. "हा सीताराम शेंडग्याचा मळा. ते मदुराईला. त्याच्या पलीकडं कोळेकरांचा, ते रायपूरला. जमीन दोन वर्षं पडीक ठेवली की ही येते. जनावर पाला खात नाही, उन्हानं मरत नाही, पाणी लागत नाही. मानूस जितका लांब गेलेला, तितकी बाभूळ दाट. तुम्हाला दाट बघायची असेल तर गुवाहाटीवाल्यांच्या रानात चला."

"म्हणजे पाणी टिकलेलं नाही," केतकी म्हणाली.

"पानी कशानं टिकंल ओ?" मंगलताई म्हणाल्या. "चला, दावते."

तलाव गावाच्या वरच्या अंगाला होता. तलाव म्हणजे एक मातीचा भराव, आणि सांडव्याशेजारी त्या भरावाला पडलेलं भगदाड, ट्रक जाईल एवढं. पोटात पुन्हा बाभूळ. तलावात पाणी अडलं की खालच्या विहिरींना महाशिवरात्रीपर्यंत पाझर असायचा, भगदाड पडल्यापासून विहिरी दिवाळीलाच तळ दाखवत होत्या. मशीन असेल तर आठ-दहा दिवसांचं काम. भाड्याने आणायचं तर त्या उन्हाळ्यात आसपासची सगळी मशिनं हमरस्त्याच्या कामावर गुंतलेली.

"मी कोइमतूरला होतो," विलास म्हणाला. "मामांच्या भट्टीवर. आये म्हनाली, तलाव होतोय, ये. बायकोला घेऊन आलो. मामांना सांगून आलोय, आषाढापर्यंत जागा धरा. आषाढात ह्यात पाणी अडलं तर राहिलो. नाही अडलं तर भट्टी आहेच."

"राहतोय त्यो," मंगलताई मला म्हणाल्या. "मशीन आलं की राहतोय. ह्यो टिकला तर आनी चार घरं येतील. सगळी ह्याच्याकडं बघून हाईत."

"आये, माझ्याकडं नाही, भगदाडाकडं बघून आहेत."

केतकीने तेव्हा त्यांना नकाशाचा नियम समजावून सांगितला. हिरवं म्हणजे झालेलं, लाल म्हणजे अडलेलं, मशीन लाल गावांना. मंगलताईंनी तो शांतपणे ऐकला.

"म्हंजी आमी हिरवं हाय म्हनून मशीन न्हाई?"

"हो."

"आन हिरवं ह्या बाभळीनं?"

"हो. पण ही चूक आहे. मी ऑफिसात जाऊन सांगते. दुरुस्त होईल."

"सांगा बाई," मंगलताई म्हणाल्या. "ती बाभूळ हितली न्हाई म्हनावं. आमीच हितले हाय."

हुद्दारांनी सगळं ऐकून घेतलं. ते नेहमीच सगळं ऐकून घेत. मग चष्मा पुसत म्हणाले, "केतकी, बाभूळ ही वनस्पती आहे ना?"

"आहे, सर."

"हिरवी आहे?"

"आहे."

"मग नकाशा चुकला कुठे?"

"सर, ती पडीक जमीन आहे. तिथे शेतीच नाही. शेतकरी मदुराईला आहेत."

"शेतकरी कुठे असावा याबद्दल प्रकल्पात काही म्हटलेलं नाही."

"पण तिथे आपण काही केलेलंच नाही."

"हे बघ," ते समजुतीने म्हणाले, "सातही संस्थांनी तरसवाडी आपापल्या वार्षिक अहवालात घातली आहे. एक अहवाल तर परदेशी गेलाही. सात अहवाल दुरुस्त करण्यापेक्षा एक गाव दुरुस्त होणं सोपं. आणि नकाशावर हाताने रंग बदलायचा नाही, हा नियम तूच केलास."

हे खरं होतं. पहिल्याच आठवड्यात एका प्रतिनिधीने आपल्या गावाला थोडं हिरवं करून मागितलं होतं, तेव्हा केतकीने तो नियम केला होता आणि हुद्दारांनी तिचं सर्वांसमक्ष कौतुक केलं होतं.

"मेच्या मध्याला नवीन प्रतिमा येईल," ते म्हणाले. "त्यात तरसवाडी लाल आली, तर पोकलेनच्या आदेशावर मी त्याच दिवशी सही करतो. माझा शब्द आहे. मोकाशी, यशोगाथा कुठवर आली?"

"होतेय, सर."

यशोगाथेचं मी फार वाईट वाटून घेतलं नाही. 'अत्यल्प पाण्यावर तग धरणारी, जनावरांच्या तोंडातून सुटणारी, कडक उन्हातही न कोमेजणारी हिरवाई' असं मी तरसवाडीबद्दल लिहिलं. त्यातला प्रत्येक शब्द खरा होता. फोटोत काटे दिसू नयेत म्हणून छपाईवाल्याने तो जरा लहान छापला.

केतकीने मात्र त्याच दुपारी मंगलताईंना फोन लावला. मी समोर बसलेलो होतो. तिने काहीच सुचवलं नाही. मेमध्ये पुन्हा उपग्रहाचा फोटो येतो आणि त्यावर ठरतं, एवढंच सांगितलं.

"ताई, बाभूळ तोडली तर त्यो फटू लाल येतोय का?"

"जमीन उघडी दिसली तर लाल येईल."

"किती उघडी?"

"जितकी जास्त तितकं बरं."

"बरं," मंगलताई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पंधरा-वीस दिवसांनी आम्ही दोघं पुन्हा गेलो, रजा टाकून, एसटीने. तरसवाडी ओळखू येत नव्हती. जिथे आधी झाडी होती तिथे खुंटांचं माळरान पसरलं होतं, आणि खुंटांमधून बायका कोयते घेऊन पुढे सरकत होत्या. गावात मागे राहिलेली माणसं म्हणजे बायका, म्हातारे आणि परत आलेलं विलासचं घर. सगळे हातापायांना गोणपाट गुंडाळून उतरले होते. तोडलेलं लाकूड कोळसाभट्टीवाला ट्रॅक्टर भरून नेत होता. मशीन नव्हतं, त्यामुळे मुळं काढणं कुणाच्या हातात नव्हतं. जमिनीलगत तोडायचं आणि पुढे जायचं. मालकांना विचारलं का म्हणून मी चौकशी केली, तर कळलं, की मदुराई, रायपूर, गुवाहाटी, सगळीकडे फोन झाले होते, आणि आपली जमीन कुणीतरी फुकटात साफ करतंय म्हटल्यावर कुणीच हरकत घेतलेली नव्हती.

विलास बांधावर बसला होता. उजवा पाय सुजून टम्म. काटा टायरच्या चपलेतून आरपार गेला होता.

"डॉक्टरकडे गेलास का?" केतकीने विचारलं.

"गेलो. त्यानं अर्धा काढला. बाकीचा म्हणे आपोआप बाहेर येईल." तो हसला. "सोनं गाळताना हात भाजतो, पन त्यात काटं नसतात."

त्याची बायको रेश्मा पाण्याची कळशी घेऊन आली. "ह्यांना सांगा ओ जरा," ती केतकीला म्हणाली. "मी म्हनते, पोचतंय का कुनाला हे? वरनं कोन बघतंय?"

"उपग्रह बघतो."

"त्यो आमास्नी वळखतो का?"

"नाही."

"मग बरंय. लाज न्हाई वाटायची त्याला."

मंगलताई दूर, तलावाच्या अंगाला होत्या. कपाळाला ओरखडे, पदराच्या चिंध्या. आम्हाला बघून थांबल्या, कोयता खाली टेकला.

"सायब, गाव उजाड करायला येवढं राबल्याली मान्सं बघितली का कुठं?"

मी नाही म्हटलं.

"आमी बी न्हाई. बसा. भाकरी खाऊन जावा."

भाकरी आणि ठेचा खात बांधावर बसलो. एक म्हातारी सांगत होती, की तिच्या लग्नात ती बैलगाडीतून याच वाटेने आली तेव्हा इथे करडई होती. दुसरी म्हणाली, करडई नव्हती, तुझा नवरा करड्या डोळ्याचा होता, तुला त्यातलं काय दिसलं असणार. सगळ्या हसल्या. विलास म्हणाला, विहिरीला पाणी आलं तर तो पहिल्या वर्षी करडईच पेरील. मंगलताईंनी ते ऐकलं आणि न जेवताच उठून पुन्हा कामाला लागल्या.

मेच्या मध्याला प्रतिमा आली. केतकीने मला हाक मारून बोलावलं. पडद्यावर तरसवाडी लाल होती. नुसती लाल नाही, कुंकवासारखी. तिने तिथूनच फोन लावला. पलीकडे मंगलताई मोठ्याने कुणाला तरी म्हणाल्या, "अगं, झालो लाल." मागे बायकांचा गलका ऐकू आला. नंतर कळलं, की त्यांनी गावात गूळ-शेंगदाणे वाटले. मागास ठरल्याबद्दल गूळ वाटणारं दुसरं गाव माझ्या माहितीत नाही.

दुसऱ्या दिवशी बैठक होती. केतकी पोकलेनचा आदेश टंकून घेऊन आली होती, फक्त सहीचं काम बाकी ठेवून.

हुद्दार पडद्याकडे बराच वेळ बघत राहिले. "हे फार गंभीर आहे," ते म्हणाले.

"सर, तरसवाडी लाल आहे."

"तेच म्हणतोय. एका महिन्यात सगळ्यांत गडद हिरव्यातून लाल. सात संस्थांचं काम एका महिन्यात नष्ट झालं. हे काय आहे, केतकी?"

"बाभूळ तोडली, सर."

"ते तू म्हणतेस. नकाशा म्हणतो, घसरण झाली." सातही प्रतिनिधी गंभीर झाले. टाळीवाले गृहस्थ म्हणाले, की आमचा अहवाल ज्यांच्याकडे गेलाय त्यांनी गाव बघायला यायचं म्हटलं तर आम्ही काय दाखवायचं. चित्रकला स्पर्धावाल्या बाईंनी सुचवलं, की मुळातच लाल असलेली गावं आणि हिरव्यातून लाल झालेली गावं यांत फरक करायला हवा. एकाला मदतीची गरज आहे, दुसऱ्याला चौकशीची.

"रास्त आहे," हुद्दार म्हणाले. "घसरलेल्या गावांसाठी वेगळा रंग हवा. केतकी, कुठला रंग मोकळा आहे?"

केतकीने माउसवरचा हात काढून घेतला.

"जांभळा आहे," मीच म्हणालो. कुणीतरी बोलायला हवं होतं.

"छान. जांभळा."

"सर," केतकी म्हणाली, "तुम्ही शब्द दिला होता. लाल आलं तर सही करीन म्हणून."

"दिला होता, आणि मी तो पाळणार आहे. लाल गावाच्या आदेशावर मी आत्ता सही करतो. पण तरसवाडी आता लाल नाही. जांभळी आहे."

तिने माउस सरकवला. साऱ्या जिल्ह्यात एकच जांभळा ठिपका उमटला. तरसवाडीसाठी अभ्यास समिती नेमावी, समितीने पावसाळ्यानंतर पाहणी करावी, असं ठरलं. समितीत मी होतो. पोकलेनचा आदेश हिंगणमळ्याला गेला. हिंगणमळ्याची माणसं गावातच राहणारी, उद्योगी. त्यांनी वेळेवर नांगरट करून, शेणखत पसरून रानं पेरणीला तयार ठेवली होती. नांगरलेली जमीन वरून उघडी दिसते, म्हणून हिंगणमळा लाल होता.

ही बातमी सांगायला मला पाठवलं. केतकी म्हणाली, तिला जमणार नाही.

मंगलताईंनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. मी सांगितलं. जांभळा म्हणजे काय तेही सांगितलं.

"वांग्यागत?" त्यांनी विचारलं.

"जरा फिका."

"आन आमी एकटंच?"

"हो."

विलास दारात उभा होता, पायाला फडकं बांधून. "चला, आपल्याला एक रंग तरी मिळाला," तो म्हणाला. "आये, तू रडू नको. जांभळं गाव कुठं सापडायचं न्हाई दुसरं."

"मी कुठं रडाय लागले," मंगलताई म्हणाल्या. त्या खरंच रडत नव्हत्या. त्या भिंतीला टेकवलेल्या फावड्याकडे बघत होत्या.

त्यांनी मशीनशिवायच भगदाड बुजवायचं ठरवलं. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून, मध्ये बाभळीचे बुंधे रचून, गावातल्या त्याच बायकांनी आणि लंगडणाऱ्या विलासने भिंत उभी केली. मी बघितली नाही, केतकीने बघितली. म्हणाली, कमरेच्या वर आली होती, आणि बघून वाटलं असतं की टिकेल. पहिल्या दोन सरींना टिकली. तलावात गुडघाभर पाणी दिसलं. विलासने करडईच्या बियाण्याची चौकशीही केली. तिसऱ्या, मोठ्या पावसात पोती एकेक करून खाली गेली आणि त्यांच्यामागून पाणी गेलं. तलाव सकाळपर्यंत रिकामा झाला.

आषाढात मी समितीच्या तयारीसाठी तरसवाडीला गेलो. बसथांब्यावरच तिघं भेटली. विलास, रेश्मा, दोन बॅगा. मंगलताई पोहोचवायला आल्या होत्या. पाठीमागे, तोडलेल्या रानात प्रत्येक खुंटाला पाच-सहा नवे फुटवे आले होते, हातभर उंच, पोपटी. एका बाभळीच्या जागी आता सहा होणार होत्या.

"पाय कसा आहे?" मी विचारलं.

"उरलेला काटा आला बाहेर," विलास म्हणाला. "डॉक्टर बरोबर बोलला होता."

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, की समिती येतेय, पुढच्या वर्षी नक्की होईल. रेश्माने बॅगेतून बिस्किटाचा पुडा काढून मला एक दिलं. मी घेतलं.

एसटी येताना दिसली. विलासने बॅगा उचलल्या. "आये, तू पन चल."

"मी कशी येऊ? सरपंच हाय मी."

"कुनाची?"

त्याने ते टोचून विचारलं नव्हतं. त्याला खरंच कळत नसावं. मंगलताईंनी रेश्माच्या खांद्यावरचा पदर नीट केला, विलासच्या खिशात गुळाचा खडा टाकला आणि म्हणाल्या, "बस आली."

दोन वर्षांनी त्यांची मुदत संपली आणि त्याही कोइमतूरला गेल्या. भट्टीवरच्या माणसांना जेवण करून घालतात, असं ऐकलं. समितीने अहवाल दिला. केतकीने ती नोकरी सोडली. ती आता जेवण घरपोच देणाऱ्या एका कंपनीत नकाशे करते. तिथे चूक झाली तर दहा मिनिटांत कुणीतरी ओरडायला फोन करतं, ते तिला बरं वाटतं, असं एकदा म्हणाली.

हुद्दारांची गाठ मात्र परवा पडली. निवृत्त होऊन पुण्यात असतात, आठवणी लिहीत आहेत, भाषेवरून हात फिरवायला त्यांनी मला बोलावलं होतं. समन्वय कक्षाचं प्रकरण वाचताना मी सहज विचारलं, "सर, त्या उन्हाळ्यात हिंगणमळ्याचं काम कसं झालं होतं? इथे काही लिहिलेलं नाही."

"हिंगणमळ्याचं? ते झालंच नाही."

"का? आदेश तर गेला होता."

"आदेश गेला होता." त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. "पोकलेनचा पंप जानेवारीतच गेला होता. वर्षभर ते मशीन गॅरेजमध्येच उभं होतं. मलाही नंतरच कळलं. मशीन कुठे आहे हे नकाशावर दाखवायचं राहून गेलं होतं."